सफरीची वही

दस्तरखानावरची ताटं उचलायच्या आत माझ्या पतींनी वही उघडली. "मे महिन्याचा बेत झाला," म्हणाले आणि वाचू लागले. सोलापूरहून निघायचं, सोलापूरला परतायचं, चौदा दिवस. दौलताबाद, वेरूळ, अजिंठा, बुऱ्हाणपूर, इंदूर, भोपाळ, पचमढी, सातपुडा, पेंच, नागपूर, ताडोबा. अकरा ठिकाणं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मनातल्या मनात धुण्याचे कपडे मोजू लागले. माझे सासरे, ज्यांना आम्ही अब्बा म्हणतो, त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि एवढंच विचारलं, "यात झोपायचं कधी?"

आमच्या घरात दख्खनी बोलतात, मी इथे मराठीत लिहिते आहे, पण अब्बांचा हा प्रश्न कुठल्याही भाषेत तेवढाच सरळ होता. त्यांनी तीस वर्षं दुसऱ्याच्या मालकीचा ट्रक चालवला. सोलापुरी चादरी आणि टॉवेल भरायचे, नागपूर गाठायचं, पुढे सिवनी, जबलपूर. आमच्या सासूबाई हसत म्हणायच्या, "तुमच्या अब्बांनी निम्मा हिंदुस्थान पाहिला, आणि मी त्यांच्या ट्रकची पाठ." सासूबाई चार वर्षांपूर्वी अल्लाहला प्याऱ्या झाल्या. त्यानंतर अब्बांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, गेलेली नजर परत येत नाही, थेंब न चुकता घातले तर उरलेली टिकवता येते. काचबिंदूत बहुतेक वेळा आधी कडेचं दिसणं जातं. अब्बांना समोरचा माणूस दिसतो, बाजूने आलेला दिसत नाही. म्हणून स्टिअरिंग सुटलं.

ही सफर यंदाच करायची, असं मी धरून बसले होते ते त्यामुळे. अब्बांना हे कारण मी सांगितलं नव्हतं. त्यांना ते कळलं नसेल, असंही मला वाटत नाही.

खरं सांगायचं तर आमच्या घरात अशा सहलीची रीत नाही. आम्ही गावाला जातो ते लग्नाला, मयतीला किंवा आजारी माणसाला भेटायला. बेत कळल्यावर माझ्या नणंदबाई फोनवर म्हणाल्या, "एवढ्या पैशात उमरा झाला असता." पाच माणसांचा उमरा एवढ्या पैशात होत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. उमऱ्याचे पैसे वेगळे साठत आहेत, त्यांना हात लावलेला नाही. सहलीचा खर्च माझ्या भिशीतून आहे. शिवाय दिव्य कुरआनात माणसाला जमिनीवर हिंडून पाहण्याचं, आधीच्या लोकांचं काय झालं ते समजून घेण्याचं आवाहन पुन्हा पुन्हा आलेलं आहे. ते आपण वाचतो, आणि मुलांना सुट्टीत घरात मोबाईल देऊन बसवतो. नणंदबाईंना मी एवढंच म्हटलं, "आपा, दुआ करा." त्यांनी दुआ दिली आणि बुऱ्हाणपूरहून मावा जिलेबी आणायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर आम्ही पाचही जण मशवऱ्याला बसलो. तिघं जण प्रवासाला निघाले तर त्यांनी आपल्यातल्या एकाला अमीर करावं, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण. आम्ही अब्बांना अमीर केलं. ते म्हणाले, "मला दिसत नाही धड, मी कसला अमीर?" माझी मुलगी म्हणाली, "दादाअब्बा, अमीर बघत नसतो, ठरवत असतो." मग त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या. एक, दिवसाला सहा-सात तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही. दोन, मगरिबनंतर गाडी रस्त्यावर नको. तीन, पाचही जणांनी आपली एकेक गोष्ट सांगायची. ती वहीत पहिली लिहायची. बाकीचं सगळं नंतर, जागा उरली तर.

हा तिसरा नियम मला फार आवडला. आमच्या घरी बेत पुरुष करतात, सामान बायका बांधतात आणि मुलं मागच्या सीटवर बसतात. कुणाला काय बघायचं आहे, असं कुणी विचारत नाही. विचारलं तर प्रत्येकाकडे उत्तर असतं.

माझ्या पतींचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर पाण्याच्या जळालेल्या मोटारी समोर. त्यांनी बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा मागितला. तापीकाठच्या या शहराला मोगल काळात, १६१५ साली, जमिनीखालून पाणी आणलं गेलं. सातपुड्याच्या टेकड्यांत मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवलं, बोगद्याला उतार दिला आणि वर ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या शंभराहून अधिक कुंड्या खोदल्या. पाणी आपल्या उताराने वाहत जातं. "ना मोटर, ना वीज," हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. वाटेत औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की आहेच. तिथेही दूरच्या डोंगरातून नळांनी पाणी आणून त्याच्या जोरावर जातं फिरवलं जात होतं. ज्या बुजुर्गांच्या दर्ग्याजवळ ही चक्की आहे, त्यांचं नावच बाबा शाह मुसाफिर. मुसाफिरांना आणि गरिबांना तिथल्या पिठाची भाकरी मिळायची.

मुलगी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे. तिने भोपाळ मागितलं. १८१९ ते १९२६ या काळातली बहुतेक वर्षं भोपाळवर बेगमांनी राज्य केलं, एकीमागून एक अशा चौघींनी. ताजुल मसाजिदचं काम शाहजहान बेगम यांनी सुरू केलं, त्या १९०१ साली गेल्या, काम अर्धं राहिलं आणि पुढे १९८५ पर्यंत टप्प्याटप्प्याने पुरं झालं. त्या मशिदीत बायकांसाठीही जागा ठेवलेली आहे. मुलगी म्हणाली, "अम्मी, आपण बाहेर चपला सांभाळत बसायचं नाही. आत जायचं." मी हो म्हटलं.

मुलगा अकरा वर्षांचा. त्याला वाघ हवा होता. मोगलीच्या गोष्टी सिवनीच्या जंगलात घडतात, आणि पेंचचं जंगल त्याच सिवनी भागातलं, हे त्याला कळल्यापासून पेंच पक्कं. पण एका जंगलावर त्याचा विश्वास नव्हता. "पेंचमध्ये नाही दिसला तर?" म्हणून ताडोबाही हवं. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं, आणि वाघांसाठी प्रसिद्ध. ते गाळायला तो तयार नव्हता.

मी एक दिवस मागितला, ज्यात काहीच करायचं नाही. माझं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सगळ्यात जास्त आठवण पाण्याची यायची. सातपुडा राष्ट्रीय उद्यानात मढईला देनवा नदीचं पसरलेलं पाणी आहे आणि होडीने पलीकडे गेल्यावर जंगल सुरू होतं. त्या पाण्याकडे बघत एक अख्खी दुपार बसायचं. स्वयंपाक नाही, डबे नाहीत, "अम्मी, माझा टॉवेल कुठंय" नाही.

अब्बांची पाळी आली. "तुमचं काय, अब्बा?"

"माझं काय," म्हणाले, "तुम्ही जाल तिकडे मी येणारच."

मी वहीत त्यांच्या नावापुढची ओळ रिकामी सोडली.

मग खरं काम सुरू झालं. भगिनींनो, कुणी असा बेत करणार असाल तर आधी आठवड्याचे वार बघा. वेरूळ मंगळवारी बंद असतं. अजिंठा सोमवारी बंद. ताडोबा मंगळवारी बंद. मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांत बुधवारी दुपारची फेरी नसते. १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसामुळे या जंगलांचा गाभा पर्यटकांना बंदच. उरला उन्हाळा. ऊन कडक, पण पाणवठे आटलेले असतात, झाडी विरळ झालेली असते, म्हणून जनावर दिसण्याची शक्यता याच दिवसांत जास्त. बकरी ईद महिन्याच्या शेवटी, तिच्या आधी घरी पोचायलाच हवं.

आमचा पहिला बेत रविवारी निघण्याचा होता. दुकानातल्या कामगारांचा आठवड्याचा पगार शनिवारी होतो, तो देऊन निघायचं असा पतींचा हिशोब. पण रविवारी निघालं की वेरूळ बरोबर मंगळवारी येत होतं. दोन रात्री आम्ही दिवस पुढे-मागे सरकवत बसलो. शेवटी अब्बा म्हणाले, "पगार शुक्रवारी दे. कामगाराचा घाम वाळायच्या आत द्यायचा असतो, त्यात एक दिवस आधी दिला तर काय बिघडलं? आणि पुढच्या दोन आठवड्यांचाही देऊन ठेव. मालक फिरायला गेला म्हणून त्यांची चूल थांबू नये." शनिवारी निघायचं ठरलं आणि एखाद्या ओढणीची गाठ सुटावी तसं सगळं सुटलं. वेरूळ सोमवारी, अजिंठा मंगळवारी, आणि भोपाळमधला दिवस आला शुक्रवार. जुम्याची नमाज ताजुल मसाजिदमध्ये! मुलगी उठून नाचलीच.

नमाजेच्या हिशोबात मात्र आमची चांगलीच चर्चा झाली. मी माहेरची शाफई, कोकणातले बहुतेक मुसलमान असतात तशी. सासर हनफी. मुलांना आधी सोपं करून सांगितलं. मुसाफिराला सवलत आहे. जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींच्या जागी दोन, याला कसर म्हणतात. फजर आणि मगरिब जशाच्या तशा. हनफी मसलकात एका गावी १५ दिवस किंवा जास्त राहण्याचा इरादा नसेल तोवर माणूस मुसाफिर राहतो, म्हणजे आमची सफर त्या हद्दीच्या आतच होती. शाफई मसलकात ही मुदत चार दिवसांची, पण आमचा कुठलाच मुक्काम तेवढा लांब नाही. शिवाय शाफई मुसाफिराला जोहर-असर किंवा मगरिब-इशा एकत्र पढण्याची मुभा आहे. हनफींना ती हजचे ठरावीक प्रसंग सोडले तर नाही.

अडचण आली ती जंगलात. दुपारची सफारी साधारण तीनच्या सुमारास आत जाते आणि सूर्य मावळायच्या तोंडावर बाहेर येते. मे महिन्यात हनफी हिशोबाने असरची वेळ त्या भागात पावणेपाचच्या आसपास लागते. म्हणजे जवळजवळ सगळी असर जीपमध्ये. जंगलात मनाला येईल तिथे उतरता येत नाही, ते योग्यही नाही. मी म्हटलं, मी जोहरबरोबर असर पढून जाऊ शकते. मुलगी म्हणाली, "म्हणजे अम्मी वाघ बघणार आणि आम्ही खोलीत?" सगळे हसले. मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "शौकासाठी नमाज अडचणीत का आणता? सकाळी जा ना." इतकं सोपं उत्तर आम्हाला सुचलं नव्हतं. सकाळची जीप उजाडताना आत जाते. फजरची वेळ त्याआधी तास-सव्वा तास सुरू झालेली असते. फजर पढून, जानमाज गुंडाळून थेट फाटकावर. दुपारच्या उन्हातून अब्बांचीही सुटका. सगळ्या सफाऱ्या सकाळच्या, असं वहीत लिहिलं.

आरक्षण आधी करावं लागतं आणि ते नावानिशी असतं. जे ओळखपत्र नोंदवलं तेच फाटकावर दाखवायचं. एका जीपमध्ये सहा पर्यटक बसतात, आम्ही पाच. अब्बांचं ओळखपत्र मी माझ्या पर्समध्ये ठेवलं आहे. त्यांना पुढे तोंड करून बसवायचं आणि गाईडला आधीच सांगायचं, की यांना "डावीकडे बघा" म्हणून उपयोग नाही, थोडं थांबून मान वळवू द्या. डोळ्यांच्या थेंबांच्या दोन बाटल्या घेतल्या, एक माझ्याजवळ, एक पतींजवळ. उन्हात उभ्या गाडीत त्या तापू नयेत म्हणून लहान थर्मास. मोबाईलवर थेंबांच्या वेळेचा गजर लावला, तोही फजरच्या अजानाच्या आवाजाचा नाही, नाहीतर अब्बा वजूला उठतात.

खाण्याचं सोपं केलं. भोपाळ आणि नागपूरला हलाल खाण्याची चिंता नाही. नागपुरात मोमिनपुरा आहेच. जंगलाच्या आसपास मात्र विचारपूस करत बसण्यापेक्षा डाळभात आणि भाजी. त्याला जोड म्हणून सोलापूरची शेंगाचटणी आणि ज्वारीच्या कडक भाकऱ्या. कडक भाकरी आठवडे टिकते. अब्बा ट्रकवर तीच न्यायचे. सासूबाई भाजायच्या तशा पातळ मला जमत नाहीत, म्हणून या वेळी पेठेतून विकत घेतल्या. अब्बांनी एक तोडून पाहिली, "चालेल" म्हणाले. त्यांच्या तोंडून "चालेल" ही मोठी तारीफ आहे.

गाडीची तपासणी त्यांनी हाताने केली. टायरवरून तळवा फिरवला, एका टायरला आतल्या बाजूने झीज होती ती बोटांनी ओळखली, बदलायला लावला. स्टेपनीत हवा आहे का, जॅक गाडीत आहे का, कूलंट किती. हवा सकाळी टायर थंड असताना भरायची, मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरची हवा बघून फसायचं नाही, हे त्यांनी नातवाला शिकवलं. नातू वहीत लिहून घेत होता. त्या संध्याकाळी मला अब्बा बऱ्याच महिन्यांनी ताठ चालताना दिसले.

आणि मग ताडोबावरून भांडण झालं.

पहिल्या बेतात पेंचची दुपारची सफारी उरकून रात्रीच नागपूर गाठायचं होतं, म्हणजे पुढच्या दिवशी ताडोबा. आता दुपारची सफारी नाही आणि मगरिबनंतर गाडी नाही. नागपूरला पोचायला एक दिवस जास्त. ताडोबा ठेवलं तर सोळा दिवस होत होते. दुकान तेवढे दिवस सोडता येत नव्हतं, भिशीही तेवढी ताणली जात नव्हती. मुलगा रडकुंडीला आला. "फक्त एक रात्र! पेंचहून नागपूर दोन-तीन तासांचा तर रस्ता. अब्बूंना रात्री गाडी चालवता येते. दादाअब्बा स्वतः आयुष्यभर रात्रीच चालवायचे, आणि आम्हाला का नाही?"

मी त्याला दटावणार होते. अब्बांनी हाताने थांबवलं. म्हणाले, "नकाशा आण."

जमिनीवर नकाशा पसरला. अब्बांनी नातवाचं बोट धरून नागपूरवर ठेवलं आणि उत्तरेकडे सरकवलं. "हा माझा रस्ता. तेव्हा याला सात नंबर म्हणायचे, वाराणसी ते कन्याकुमारी. आता चव्वेचाळीस म्हणतात. मनसर गेलं की जंगल लागतं, ते खवासापर्यंत आणि पुढेही. एकदा थंडीच्या दिवसांत मी इथून चाललो होतो. मागे चादरींचा पूर्ण माल. रात्रीचे दोन वाजले असतील. दिव्याच्या उजेडात एक चितळाची मादी आली. भरलेला ट्रक असा उभा राहत नसतो, बेटा. मी ब्रेक दाबला, पण..." ते थोडं थांबले. "उतरून बघितलं. ती गेली होती. रस्त्याच्या कडेला तिचं पाडस उभं होतं. पळालं नाही. क्लीनर म्हणाला, उस्ताद चला, मागून गाड्या येतील. मी गाडी सुरू केली. आरशात ते पाडस बराच वेळ तसंच दिसत होतं."

घरात कुणी बोललं नाही. माझ्या पतींनीही ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुझ्या दादीला सांगितलं होतं," अब्बा म्हणाले. "ती म्हणाली, मुद्दाम केलं नाहीत, अल्लाह जाणतो. अल्लाह जाणतोच. पण रात्री जंगलातून माणसाने वेगाने जावं का, हे मीही जाणतो ना? मला मालकाची घाई होती. तुला कसली घाई आहे?"

मुलगा बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादाअब्बा, आता तिथे पूल आहे."

आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं, त्याला माहीत होतं. पेंचविषयी हाताला लागेल ते तो वाचत होता. चव्वेचाळीस नंबरचा हा रस्ता चौपदरी करताना महाराष्ट्राच्या हद्दीतल्या पेंचच्या जंगलात जनावरांसाठी नऊ ठिकाणी रस्त्याखालून वाटा सोडल्या आहेत. कुठे लहान पूल, कुठे लांबलचक उंच पूल. वरून गाड्या जातात, खालून चितळ, रानडुकरं, रानकुत्री, वाघसुद्धा जातात. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत त्यांचे फोटो आले आहेत. मुलाने एक फोटो मोबाईलवर मोठा करून अब्बांच्या डोळ्यांसमोर धरला. काँक्रीटच्या खांबांमधून एक वाघ चालला होता, आपल्याच अंगणातून चालावा तसा.

अब्बांनी मोबाईल जवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. "वर गाड्या चालू असतात?"

"हो, तेव्हाही."

"आणि चितळ? ती जातात खालून?"

"सगळ्यात जास्त तीच जातात, दादाअब्बा." हे त्याने कुठे वाचलं होतं की दादाच्या मनासाठी म्हटलं, ते मी विचारलं नाही.

अब्बांनी मोबाईल परत दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, माझी ओळ रिकामी आहे ना वहीत? लिही. मला त्या पुलावरून जायचंय. दिवसा. पुलावर थांबता येत नसेल तर नको थांबू, हळू ने. मला कडेचं दिसणार नाही. तू सांग मला खाली काय आहे ते."

गाडी मी तीन वर्षांपूर्वी शिकले. तेव्हा मला शिकवायला क्लासवाल्यांपेक्षा जास्त अब्बाच शेजारी बसायचे. क्लच सोडताना "घाई कसली आहे?" हे त्यांचं वाक्य माझ्या कानात पक्कं बसलं आहे. त्या तुकड्यात गाडी मी चालवायची, हे त्यांनी अमीर म्हणून ठरवलं. कुणी काही बोललं नाही.

ताडोबा मुलाने स्वतः खोडलं. पट्टी घेऊन, सरळ रेघ मारून. खाली लिहिलं, "पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह."

आता वही अशी आहे. शनिवारी सोलापूरहून धाराशिव, बीडमार्गे छत्रपती संभाजीनगर. रविवारी पाणचक्की आणि बीबी का मकबरा. सोमवारी वेरूळ, आणि खुलताबादेत मलिक अंबरची कबर. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेल्या या माणसाने १६१० मध्ये खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. मंगळवारी अजिंठा बघून बुऱ्हाणपूर. बुधवारी तिथला कुंडी भंडारा आणि जामा मशीद, जिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. मुमताज महल १६३१ मध्ये याच शहरात बाळंतपणात गेली आणि ताजमहालाच्या आधी तिची कबर इथेच होती. गुरुवारी भोपाळ, शुक्रवारी जुमा. शनिवारी मढई, रविवारी सकाळी जंगल आणि दुपारी माझं पाणी. सोमवारी पेंच, मंगळवारी सकाळी मोगलीचं जंगल. बुधवारी नाश्ता करून, ऊन चढायच्या आत, चव्वेचाळीस नंबरच्या रस्त्याने नागपूर. गुरुवारी नांदेडला मुक्काम, शुक्रवारी घर.

इंदूर गेलं, पचमढी गेलं, दौलताबाद गेलं, ताडोबा गेलं. अकरा ठिकाणांची सात राहिली. पण प्रत्येक ठिकाणापुढे घरातल्या कुणाचं तरी नाव आहे, किंवा ते कुणाच्या तरी वाटेवरचं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात राहते आहे, अब्बांना दोन वेळचं जेवण वाढते आहे, थेंब घालते आहे. ते रात्री मध्येच उठून बसतात हेही मला माहीत होतं. वयामुळे असेल, असं वाटायचं. नऊ दिवस एक वही घेऊन बसलो तेव्हा कळलं, ते कुठे जागे असतात ते.

वाघ दिसेल की नाही, हे अल्लाहच्या हाती. पुलाखाली त्या क्षणी एखादं चितळ असेल, असंही मी धरून चाललेले नाही. बहुधा वाळलेलं गवत, खांबांच्या सावल्या आणि पायवाटा दिसतील. जे दिसेल तेच मी अब्बांना सांगणार आहे. त्यांच्यासाठी म्हणूनही खोटं सांगणार नाही.

परवा फजरनंतर निघायचं. पिशव्या दाराशी लावून ठेवल्या आहेत. सफरीची दुआ मुलीने सगळ्यांना पाठ करायला लावली आहे. कडक भाकऱ्यांचा डबा सर्वांत वर, कारण तो आधी लागतो. आणि अब्बांनी आज संध्याकाळी सासूबाईंची एक जुनी सोलापुरी चादर घडी करून माझ्याकडे दिली. "गाडीत ठेव," म्हणाले, "रात्री जंगलाकडे गारवा असतो." मे महिन्यात कसला गारवा? मी काही न बोलता ती पुढच्या सीटवर, त्यांच्या जागेवर ठेवली.